पोळीतला पावटा

निम्मे कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेले होते, निम्मे फरशीवर पडले होते. मोरिसेत गुडघे टेकून एकेक कपडा उचलायची, खिसे चाचपायची आणि मशीनच्या पोटात ढकलायची. मशीन आर्लेतचं, घर आर्लेतचं, साबणसुद्धा आर्लेतचाच. पण आपल्या नवऱ्याचे खिसे दुसऱ्या बाईला तपासू द्यायचे नाहीत, एवढा नेम मोरिसेतनं पाहुणी असतानाही पाळला होता. जिल्बेरच्या खिशात काय निघेल याचा भरवसा नसे. सुतळीचे तुकडे, वाकडे खिळे, एकदा तर जिवंत गोगलगाय. आज कॉर्डरॉयच्या पँटमधून घट्ट गाठ मारलेला रुमाल निघाला. तिनं गाठ दातांनी सोडवली. आत चिनीमातीच्या दोन चिमुकल्या वस्तू होत्या. एक पांढरं बदक, आणि एक निळ्या टोपीचा मेंढपाळ.

ती हातातलं काम टाकून तशीच बसून राहिली.

हे पावटे होते. राजांच्या पोळीतले. पूर्वी म्हणे पोळीत खरोखरचा वाळका पावटा घालत. आता बेकरीवाले चिनीमातीची बाहुली घालतात, नाव तेवढं जुनंच राहिलं. जानेवारी लागला की घरोघरी बदामाचं सारण भरलेली ती पापुद्र्याची पोळी कापायची. ज्याच्या दाताखाली पावटा येईल तो राजा. त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट चढतो, आणि पुढची पोळी राजाच्या घरी. तिथं दुसरा राजा निघतो, मग त्याच्या घरी. महिना सरेपर्यंत माणसं अशी एकमेकांच्या उंबऱ्यावरून फिरत राहतात.

या वर्षी मोरिसेत आणि जिल्बेरनं दोन ठिकाणी पोळी खाल्ली होती आणि दोन्ही ठिकाणी पावटा निघालाच नव्हता. बेथ्यूनला जुन्या दोस्ताच्या, आरिस्तिदच्या घरी सगळ्यांनी चुरा चिवडून पाहिला, मग हसून सोडून दिलं. कोंफ्लांला ओनोरीन मात्र हसण्यावारी नेणारी नव्हती. ती विधवा बाई दुसऱ्या दिवशी पायात बूट चढवून बेकरीत गेली आणि तिथल्या माणसाला चार लोकांदेखत बोलली, की पोळीत पावटा घालत नाहीस तर उद्या पावात पीठ तरी घालशील का. जिल्बेर त्या वेळी खिडकीतून बाहेर नदी बघत उभा होता. रुमालाला तेव्हाच गाठ बसलेली असणार.

पावटा लपवणारा माणूस एक तर चिकट असतो. जिल्बेर चिकट नव्हता. अंगातलं स्वेटर काढून देणारा माणूस. मग दुसरं कारण उरलं. पुढची पोळी राजाच्या घरी, आणि यांना घर नव्हतं. घर करायचं याच्या मनातच नाही, असं मोरिसेतला वाटलं. आणि सोमवारी तर एका घराचं होय की नाही ते सांगायचं होतं, आणि आज शनिवार होता.

खालून आर्लेतनं हाक मारून विचारलं, की मशीनचा आवाज का येत नाही, कपडे हातानं धुतेयस का. मोरिसेतनं रुमाल मशीनमध्ये टाकला, पावटे आपल्या एप्रनच्या खिशात टाकले आणि बटण दाबलं.

*

मोरिसेतचा जन्म नावेवरचा. कोळशानं भरलेली नाव दुएजवळ बर्फात अडकली होती, आणि सुईणबाईला दोन माणसांनी धरून फळीवरून आणावं लागलं. सहा वर्षांची झाल्यावर तिला नन्सच्या वसतिगृहात ठेवलं, नावाड्यांची मुलं ठेवतात तसं. सुट्टी लागली की बाकीच्या मुली घरी पळायच्या. नावाड्यांच्या मुली आधी विचारायच्या, की घर सध्या कुठं आहे. कधी घर ऱ्हँसला असायचं, कधी नांसीला, आणि एका नाताळात तर घर वाटेतच होतं, आणि ती व सिस्टर दोघी एका पुलावर उभं राहून त्याची वाट बघत होत्या. मोठी झाल्यावर जिल्बेरशी लग्न झालं तेही नदीत बांधलेल्या चर्चच्या नावेत. लग्नाच्या वेळी बाजूनं मोठी बोट गेली आणि फादरसकट सगळं वऱ्हाड डोलायला लागलं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, शुभ आहे.

पुढचा सगळा संसार ‘सेंत-ओदिल’ या नावेवर झाला. पुढे माल भरायचा, मागे एक खोली. गहू, वाळू, खडी, साखर, जे मिळेल ते. जिल्बेर सुकाणूवर, मोरिसेत दोर घेऊन काठावर. तिला पत्ता असा कधीच नव्हता. तिची पत्रं कालव्याच्या दारांवरच्या बायका ठेवून घेत.

ही दारं म्हणजे नावाड्याचा अर्धा जन्म. पुढं एक दार, मागं एक दार, मध्ये नाव थांबवायची. पाणी सोडलं की नाव खाली जाते, पाणी भरलं की वर येते. प्रत्येक दारापाशी दारवाल्याचं छोटं घर. नाव खाली जायला लागली की मोरिसेत त्या घराच्या खिडकीकडे बघत राहायची. आधी टेबल दिसायचं, त्यावरचं सूपचं भांडं दिसायचं. मग खिडकीची चौकट, मग पायरी, मग कोबीचा वाफा, आणि शेवटी नुसती ओली, शेवाळलेली भिंत. आयुष्यभर तिनं माणसांची घरं अशी वर वर जाताना बघितली. तिनं देवाकडे त्यातलं एक कधी मागितलं नाही. फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेत, नावाड्यांना सांभाळणाऱ्या संत निकोलसाला दिवसभराचं सांगताना, आज अमक्या दारावर निळे पडदे होते, एवढं सांगायची.

या पानगळीत जिल्बेरच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि नाव विकावी लागली. एका तरुण जोडप्यानं राहायला म्हणून घेतली. नाव गेली, घर घेतलं नव्हतं. मुलगा लीलहून फोन करून सांगत होता, की आमच्या फ्लॅटमध्ये या, चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे. जिल्बेर म्हणाला, आधी हा हिवाळा दोस्तांकडे काढू, सगळ्यांनी इतकी वर्षं बोलावलंय.

ते खरंही होतं. नावाड्यांची दोस्ती म्हणजे पाण्यावरची दोस्ती. दोन नावा समोरासमोरून जाताना जेवढं ओरडून बोलता येईल तेवढंच बोलणं. बातमीचा पहिला भाग कांब्रेला ऐकायचा आणि शेवट पुढच्या वर्षी शालोंला. त्यामुळे आरिस्तिदच्या घरी पहिल्या दिवशी गंमत झाली. चौघं टेबलाशी बसले, पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळे झाले आणि मग एकमेकांकडे बघत बसले. पुढं कुणाची नाव निघून जाणार नाहीये, हे लक्षात यायला कॉफीचे दोन पेले लागले.

जिल्बेर गाडीसुद्धा नावेसारखी भरायचा. डावीकडे बटाट्याचं पोतं ठेवलं की उजवीकडे मोरिसेत. ओनोरीनकडे बटाटे उतरले तेव्हा तोल सांभाळायला त्यानं सफरचंदांची पेटी मागून घेतली. प्रत्येक घरून पुढच्या घरासाठी काहीतरी निघायचंच. आरिस्तिदनं आर्लेतच्या नवऱ्यासाठी, एमिलियेंसाठी उत्तरेकडचं मारोआल चीज दिलं होतं. त्याचा वास असा, की भर थंडीत काचा खाली करून निम्मा देश ओलांडावा लागला. मोठे रस्ते जिल्बेरनं घेतलेच नाहीत. कालव्याकडेच्या रस्त्यानं, धुक्यातून, बैलगाडीच्या चालीनं. दार दिसलं की त्याचा हात आपोआप हॉर्नकडे जायचा.

*

एमिलियें आणि आर्लेत सोन नदीकाठच्या सें-जां-द-लोन गावात स्थायिक झाले होते. हे गावच नावाड्यांचं. तिथं कुणाच्याही अंगणात नावेचा एखादा गंजका नांगर सापडेल. पहिल्याच रात्रीच्या जेवणात एमिलियेंनं विषय काढला. गावापासून जवळच कालव्यावर, काठच्या झाडांवरून नाव पडलेल्या पॉपलरांच्या दारावरचं घर भाड्यानं द्यायचं आहे. दारं आता विजेवर चालतात, दारवाला लागत नाही. तिथला शेवटचा दारवाला म्हातारा ऑक्ताव होता, तो गेल्या वर्षी लेकीकडे गावात राहायला आला. कालव्याच्या कचेरीतले लोक सोमवारपर्यंत थांबायला तयार आहेत.

मोरिसेतचा चमचा सूपमध्येच थांबला. जिल्बेर म्हणाला, यंदा धुकं फार आहे.

त्यानंतर चार वेळा विषय निघाला आणि चारही वेळा जिल्बेरला धुकं, चीज नाहीतर गुडघा आठवला. म्हणून शनिवारी कपडे वाळत घातल्यावर मोरिसेतच म्हणाली, की चल, पाय मोकळे करून येऊ. कुठं ते त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

घर तिला वाटलं होतं तसंच होतं. सगळ्या दारांवरची घरं एकाच साच्यातली. बंद खिडक्या, भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी, दंवानं पांढरा पडलेला भाजीचा वाफा, त्यात ऑक्तावनं न काढलेले दोन लीकचे कांदे. मोरिसेतनं काचेला कपाळ लावून आत बघितलं. स्वयंपाकघर रिकामं होतं, चूल होती. ती तिथं उभी होती आणि ते घर जागचं हलत नव्हतं. वर जात नव्हतं. तिला एकदम रडूच आलं. पण थंडीत डोळ्यांना पाणी येतंच, म्हणून तिनं ते पुसलं नाही.

जिल्बेर दाराच्या कठड्यापाशी पाण्याकडे तोंड करून उभा होता. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती.

“तुला हवंय,” तो म्हणाला.

“मला हवंय.”

“आयुष्यभर ज्याला भोंगा वाजवून उठवलं, त्याच्या खिडकीत मी बसायचं? आणि दुसऱ्यांच्या नावा जाताना बघायच्या? हात हलवायचा?”

“नको हलवूस. कोबी लाव.”

तो हसला नाही. एप्रन कोटाखालीच होता, त्यातले पावटे तिच्या मांडीला टोचत होते. तिला वाटलं, आत्ता काढून त्याच्या तळहातावर ठेवावेत. पण चाळीसहून जास्त वर्षं जिच्या हातात दोर होता, तिला एवढं कळत होतं, की नाव काठाला लागायच्या आधी दोर खेचला तर तो तुटतो. तिनं पावटे खिशातच राहू दिले. परत येताना दोघं एका ओळीत चालले, जणू फळीवरून चाललेत.

*

रविवारी सकाळी चर्चमध्ये माणसं कमी आणि तोंडातल्या वाफा जास्त होत्या. मोरिसेतनं संत निकोलसापुढे मेणबत्ती लावली आणि या खेपेला पहिल्यांदाच सरळ शब्दांत मागितलं. मागून झाल्यावर तिला थोडी लाज वाटली. ज्यानं वादळात नावा काठाला लावल्या त्याला आपण स्वयंपाकघर मागतोय. मग तिला वाटलं, त्यालाही कधीतरी सोपं काम आवडत असेल.

दुपारी आर्लेतकडे पोळी होती. ऑक्तावलाही बोलावलं होतं. ऐंशी पार केलेला, कानानं कमी, जिभेनं नाही. आल्या आल्या त्यानं जिल्बेरला नीट निरखून घेतलं.

“सेंत-ओदिल,” तो म्हणाला. नावाड्याला माणूस म्हणून नाही, नावेच्या नावानं ओळखायची त्याची सवय होती. “तो भसाडा भोंगा तुझाच. माझी बायको जन्मभर म्हणायची, तो रेडा आला बघ.”

“तू दार उघडायला वेळ लावायचास.”

“मुद्दाम,” ऑक्ताव म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

पोळी कापायची तर सगळ्यांत धाकट्यानं टेबलाखाली बसायचं असतं. कापणारा एकेक तुकडा उचलून विचारतो, हा कुणाचा. टेबलाखालचा न बघता नाव घेतो. म्हणजे लबाडी होत नाही. या टेबलाशी सगळ्यांत धाकटी मोरिसेत, वय वर्षं सदुसष्ट. एमिलियेंनं तिला हात धरून खाली बसवलं आणि म्हणाला, की वर यायला क्रेन मागवू. तिनं टेबलक्लॉथ खाली सोडला. पिवळट अंधारात पायांच्या चार जोड्या. आर्लेतच्या सपाता, एमिलियेंचे बूट, ऑक्तावचे लोकरी मोजे. आणि जिल्बेरचे मोजे, तिनंच टाचेला रफू केलेले. ती टाच जमिनीवर सारखी आपटत होती.

पहिला तुकडा देवाचा. तो बाजूला ठेवायचा. दारी येईल त्या भुकेल्याला द्यायचा. मग एमिलियेंनं विचारलं, हा कुणाचा. ऑक्तावचा, ती म्हणाली. हा? आर्लेतचा.

पुढच्या तुकड्याला सुरी कट्कन वाजली. चिनीमातीवर सुरी घासल्याचा आवाज. ऑक्ताव सोडून तो सगळ्यांनी ऐकला असणार, कारण वर एकदम कुणीतरी खोकलं. जिल्बेरची टाच थांबली.

“आणि हा कुणाचा?” एमिलियेंनं विचारलं. त्याच्या आवाजात जरा जास्तच साधेपणा होता.

टेबलाखालच्यानं बघायचं नसतं. ऐकायचं नसतं असं कुणी सांगितलेलं नाही. तरी मोरिसेतला माहीत होतं, की हा खेळ देवावर सोडायचा असतो. आर्लेतचं झालं होतं, ऑक्तावचं झालं होतं. उरले एमिलियें, ती स्वतः आणि तो. स्वतःचं नाव घेतलं तर पावटा तिचा झाला असता, घरही तिचं एकटीचं झालं असतं. तिनं मनात संत निकोलसाची माफी मागितली.

“जिल्बेरचा,” ती म्हणाली.

ती वर आली, खुर्चीत बसली, तिच्याही पुढ्यात तुकडा आला. सगळे खात होते आणि कुणी जिल्बेरकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो सावकाश चावत होता. त्याचा एक गाल किंचित फुगला. त्यानं सफरचंदाच्या सिडरचा घोट घेतला. ऑक्तावचा तुकडा संपला, त्यानं बोटांनी चुरा गोळा केला आणि म्हणाला, की हल्लीचे बेकरीवाले चोर झालेत, आतलं काढून घेतात.

जिल्बेरनं हात तोंडाशी नेला आणि पावटा काढून ताटाच्या काठावर ठेवला. एवढासा पिवळा कोंबडा.

आर्लेतनं टाळ्या वाजवल्या आणि मुकुट आणायला उठली. जिल्बेर म्हणाला, थांब. त्यानं पँटच्या खिशात हात घातला. ही दुसरी पँट होती. त्यानं दुसरा खिसा बघितला, मग खिडकीबाहेर तारेवर वाळणाऱ्या कॉर्डरॉयकडे बघितलं, आणि मग बायकोकडे. मोरिसेत सारणातला बदाम फार लक्षपूर्वक खात होती.

“हा तिसरा,” जिल्बेर म्हणाला. “आधीचे दोन धुण्यात गेले.”

एमिलियेंला कळायला क्षणभर लागला. मग तो इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. म्हणाला, म्हणजे ओनोरीननं त्या बिचाऱ्या बेकरीवाल्याला उगीच झोडपलं, आज फोन करून तिला सांग, मी ऐकायला शेजारी उभा राहतो.

“सांगतो,” जिल्बेर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “दोस्ता, तुला आठवतं, कालवा गोठायचा तेव्हा दहा-दहा नावा एकमेकींना बांधलेल्या असायच्या. पोळी कुणाच्या नावेवर व्हायची?”

“तुझ्या.”

“माझ्या. कुणी राजा झाला तरी पोळी माझ्याच नावेवर. सगळे नावांवरून उड्या मारत यायचे. आणि आता आरिस्तिदच्या घरी दाताखाली ते बदक आलं, आणि मला म्हणायचं होतं की पुढच्या रविवारी आमच्याकडे. तोंड उघडलं, आणि आमच्याकडे म्हणजे कुठं ते सांगता येईना. म्हणून मिटलं.”

मोरिसेतनं चमचा खाली ठेवला. तिला वाटलं होतं या माणसाला घर नको आहे म्हणून तो पावटे लपवतोय. त्यानं लपवले होते घर नाही म्हणून. इतकी वर्षं एका खोलीत काढूनही एवढा फरक तिला खिशात हात घालून कळला नव्हता.

“पुढच्या रविवारी,” जिल्बेर म्हणाला, “आमच्याकडे. पॉपलरांच्या दारावर. खुर्च्या ज्यानं त्यानं आणायच्या.”

ऑक्तावला हे नीट ऐकू आलं. “वाफ्यातले ते दोन लीक माझे आहेत,” तो म्हणाला. “बाकी घे. आणि कुणी भोंगा वाजवला तर लगेच उठायचं नाही. तेवढी शिस्त पाळ.”

आर्लेतनं मुकुट आणला, तो जिल्बेरच्या कानांपर्यंत खाली घसरला. मग बायकांचं बोलणं सुरू झालं. टेबल एमिलियेंच्या कोठारात आहे, एक पाय आखूड आहे पण चालेल. पलंगासाठी मुलाला लीलहून टेम्पो घेऊन यायला सांगायचं. पडद्यांना माप घ्यायला हवं. ऑक्ताव म्हणाला, चूल चांगली आहे पण धुराडं कावळ्यांनी घरट्यानं भरून टाकलंय, तसाच विस्तव केलात तर राजासकट सगळे काळे व्हाल.

भांडी धुताना जिल्बेर पुसायला शेजारी उभा राहिला. मुकुट अजून डोक्यावरच होता.

“सुरी वाजली ती ऐकलीस तू,” तो हळूच म्हणाला.

“ऐकली.”

“लबाडी झाली.”

“झाली. फादरना सांगीन.”

त्यानं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाला, की कोबी नको, वाटाणा लावू. वेल वर चढताना बघायला बरा वाटतो.

सोमवारी सकाळी धुकं बरंच वर गेलं होतं. होकार सांगायला जिल्बेर एमिलियेंबरोबर कालव्याच्या कचेरीकडे गेला. मोरिसेतनं डोक्याला रुमाल बांधला, आर्लेतची सायकल घेतली आणि धुराडं साफ करणाऱ्याला बोलवायला निघाली.